मुठीच्या आणि कानशिलाच्या मध्ये

"…आणि त्यानं स्वतःचंच डोकं फोडून घ्यायला सुरुवात केली, तर? तेव्हाही हात बांधून बघत बसायचं?"

आपा पावटे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाचे हात बांधून?"

जयवंत कुरणे गप्प झाला. पण गप्प बसणं त्याच्या अंगात नव्हतं. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या चकरा झाल्या. बोटं मोडून झाली. खिशातला फोन काढून, उगाच बघून, परत ठेवून झाला.

"आपा, मी इथं शिकायला आलोय."

"मग पावटे सोल."

ताहेरा आपांचं घर मिरजेपासून जरा आडबाजूला, उसाच्या रानांच्या मधोमध होतं. आपांनी उमेदीची सगळी वर्षं सरकारी मनोरुग्णालयात मानसशास्त्रज्ञ म्हणून काढली होती. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी हे घर काढलं. ज्यांना फारसं बोलता येत नाही, जे चावतात, फेकाफेक करतात, स्वतःला मारून घेतात, ज्यांच्यापुढं शाळांनी, संस्थांनी आणि घरच्यांनीही हात टेकले, अशी वयानं मोठी झालेली माणसं त्या घरात राहत. त्यांना बांधायचं नाही, कोंडायचं नाही, धाक घालायचा नाही, एवढीच तिथली रीत. दारांच्या कड्या आपांनी पहिल्याच दिवशी काढून टाकल्या होत्या. चौकटीत स्क्रूची भोकं तेवढी उरली होती.

हे काम शिकायला लांबलांबून लोक येत. आपा एका वेळी एकालाच ठेवून घेत.

या खेपेचा एक म्हणजे जयवंत. दांडगा गडी, तालमीत घुमलेला. एका खासगी मनोरुग्णालयात तो मदतनिसांचा मुकादम होता. रुग्ण कितीही खवळलेला असो, जयवंतनं मागून येऊन मिठी घातली की खेळ खलास. तिथं त्याला सगळे 'कुलूप' म्हणत. डॉक्टरसुद्धा म्हणत, "कुलूप कुठाय? बोलवा त्याला." जयवंतला त्या नावाचा मोठा अभिमान होता.

आता कोल्हापूरकडं एक नवं वसतिगृह निघालं होतं. तिथं सगळ्या मदतनिसांचा प्रमुख म्हणून त्याची निवड झाली होती. अट एकच. आपांकडं महिनाभर राहून यायचं, आणि आपांनी 'हो' म्हटलं पाहिजे.

महिन्याचं काय एवढं, असं जयवंतला वाटलं होतं. आठवड्यातच उरकू.

तो पावटे सोलायला बसला. चार शेंगा झाल्या नाहीत तोच उठला.

*

त्या घरात अनंता होता. चाळिशीतला, उंच, रुंद खांद्यांचा. बोलायला त्याच्याकडं मोजके शब्द. पाणी, नको, गाडी. खांद्यावर कायम एक जुना पंचा. तो पंचा उलगडायचा, गुडघ्यावर ठेवून नीट घडी घालायची, पुन्हा उलगडायचा, असं त्याचं तासन्‌तास चाले.

त्याचा डावा डोळा पांढरा होता. स्वतःच्या मुठीनं कानशिलावर मारून मारून तो गेला होता. इथं यायच्याही आधी.

दुसऱ्याच दिवशी जेवणं चालली होती. अनंता ताटावरून उठला आणि दाराकडं निघाला. भात तसाच राहिला होता.

"ए, थांब!" मागून जयवंत म्हणाला.

अनंताचे खांदे वर गेले. मूठ वळली. धाड… धाड… उजव्या कानशिलावर, जो डोळा शाबूत होता त्या बाजूला.

जयवंत झेपावला. मागून मिठी, हात छातीशी आवळलेले, पायात पाय. बघता बघता अनंता जमिनीवर आला. थोडा तडफडला. मग अगदी निपचित झाला.

जयवंतचा श्वाससुद्धा फुलला नव्हता. त्यानं वर बघितलं.

"बघितलंत, आपा? एक ओरखडा नाही. झाला शांत."

आपा येऊन अनंतासमोर फरशीवर बसल्या होत्या. त्या अनंताच्या तोंडाकडं बघत होत्या.

"सोड."

जयवंतनं सोडलं. अनंता हलला नाही. त्याच्या लेंग्याखालून ओल पसरत चालली होती.

आपांनी त्याच्या खांद्यावरून घसरलेला पंचा उचलला आणि त्याच्या हाताजवळ ठेवला. बराच वेळ त्यानं तो घेतला नाही.

"शांत झाला, म्हणालास," आपा म्हणाल्या. "की संपला?"

जयवंतला राग आला. डोळा वाचवला तो मी. आणि बोलणी खायची तीही मीच?

*

"आजपासून काम करायचं नाही," दुसऱ्या सकाळी आपांनी सांगितलं. "त्याच्याजवळ बसायचं. त्याला दिसशील असं. मागं नाही."

"आणि?"

"आणि काही नाही."

"बसून काय शिकायचं?"

"त्याचं कधी सुरू होतं, ते बघायचं. तू नेहमी शेवटाला पोचतोस. जरा आधी ये."

"मग तुम्हीच सांगा की ओ, आपा. तुम्ही त्याला इतकी वर्षं बघताय."

"मी जवळ गेल्यावर त्याचं काय होतं, ते मला माहीत आहे. तू जवळ गेल्यावर काय होतं, ते मला कसं कळणार?"

जयवंत बसला. बसला म्हणजे कसा… गुडघा हलतोय, मान वळतेय, हात एकदा मांडीवर, एकदा मानेमागं. समोर अनंता पंच्याची घडी घालतोय. उलगडतोय. पुन्हा घालतोय. जयवंतला वाटलं, हिसकावून घ्यावा तो पंचा आणि फेकून द्यावा उसात. दुपार होईतो त्याला अंगावर मुंग्या चढल्यासारखं झालं.

अनंता उठला की तो उठे. अनंता वळला की याच्या तोंडून निघे, "थांब."

खांदे वर. मूठ.

एकदा झालं. परत झालं. मग जयवंतचंच लक्ष गेलं. शब्द आधी. खांदे नंतर.

त्यानं मुद्दाम करून बघितलं नाही. तेवढी माणुसकी त्याच्यात होती. पण संध्याकाळी तो आपांकडं गेला. आपा दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"आपा, 'थांब' म्हटलं की सुरू होतं त्याचं."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"इथं हा शब्द कुणी वापरत नाही. तू आल्यावर परत ऐकू आला."

"पण का? त्या शब्दात काय आहे एवढं?"

"मला ठाऊक नाही. इथं येण्याआधी त्याला कुणी काय म्हणून थांबवलं, आणि मग काय केलं… ते सांगणारं कुणी नाही."

जयवंतनं ठरवलं, उद्यापासून हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ठरवायला सोपं होतं. सकाळी उठल्यापासून जीभ चावायची वेळ आली. त्याला वाटे, आपल्या तोंडात दुसरा शब्दच नाही. हॉस्पिटलात, घरी, बायकोला, पोराला, रस्त्यावरच्या कुत्र्याला, सगळ्यांना आपण हेच म्हणत आलो की काय?

*

मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडून निरोप आला. त्यांनी मागं कधीतरी अनंताला बघितलं होतं, तेही लांबून, बॅटरीच्या उजेडात. इतके ठोसे बसल्यावर उजव्या डोळ्याच्या पडद्याला चीर गेली असावी, असा त्यांना संशय होता. मशीनवर बसवून नीट तपासायला हवं. लवकर.

आता मात्र जयवंत उसळला.

"मी काय म्हणत होतो? एक बुक्की वर्मी बसली तर दुसराही डोळा जाईल. हात धरायचे नाहीत म्हणता. गेला डोळा, तर कुणाच्या माथी?"

"माझ्या."

"तुमच्या माथी आला म्हणून अनंताला दिसणार आहे का?"

आपांच्या हातातलं काम थांबलं.

…

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही दिसणार."

जयवंतला वाटलं होतं, आपण जिंकलो. पण जिंकल्यासारखं काही वाटेना. म्हातारी एकदम थकलेली दिसायला लागली.

तेवढ्यात आवाज आला. अंगणात पाण्याचा टँकर मागं येत होता, त्याचा भोंगा कर्कश वाजत होता. हौदाजवळ उभ्या असलेल्या अनंताची मूठ वळली होती.

जयवंत धावला. पण आपा जवळ होत्या. त्या अनंताच्या समोर गेल्या, आणि त्यांनी आपला तळवा त्याच्या कानशिलावर ठेवला. नुसता ठेवला. दाबला नाही.

मूठ आपांच्या हातावर बसली.

परत बसली. परत.

"आपा, धरा! हात धरा त्याचा!"

आपांनी अनंताचा हात धरला नाही आणि आपला काढलाही नाही. ओठ मिटून उभ्या राहिल्या. टँकरवाल्यानं इंजिन बंद केलं. मूठ अजून पडत होती, पण आता उशिरानं, चुकत चुकत.

मग ती हवेतच राहिली. अनंता आपांच्या हाताकडं बघत होता. हे मध्ये काय आलं, असं.

"पाणी?" आपांनी विचारलं.

"पाणी," अनंता म्हणाला.

तो पाणी पिऊन गेल्यावर जयवंतनं आपांचा हात बघितला. करंगळीजवळची दोन बोटं वाकडी होती. आजची नव्हेत. जुनी. त्यांवर आजची सूज चढत होती.

"दुखत नाही?"

"दुखतं."

"मग?"

"मग काय? दुखतं."

*

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गर्दी मावत नव्हती. डोळ्यांत थेंब घातलेली माणसं बाकांवर मान टाकून बसली होती. अनंताला रिक्षातून आणलं होतं. गाडीत बसायला तो कधीही एका पायावर तयार, त्यामुळं इथवर ठीक झालं. पुढं खोलीचं दार होतं.

आत काळोख, आणि काळोखात ते मशीन. हनुवटी टेकायला एक खाच. कपाळाशी एक पट्टा.

अनंतानं पट्टा बघितला.

"नको."

"बसा हो, काही होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शहापुरे त्यांचं आडनाव. वाईट बाई नव्हती. सकाळपासून पाणी प्यायला उठली नव्हती, एवढंच.

"नको. नको."

"हे बघा, भूल द्यायची तर यांना फिट येतात, ते जोखमीचं. मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल, तिथं कधी नंबर लागेल काय सांगावं. मला आत्ता मिनिटभर बघू दे." त्यांनी जयवंतकडं बघितलं. त्याचे दंड बघितले. "तुम्ही धडधाकट आहात की. धरा ना जरा. सिस्टर, तुम्ही डोकं धरा."

जयवंतनं आपांकडं पाहिलं. आपा भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होत्या.

"आपा?"

"हात तुझे आहेत."

त्याचे हात वर आले. त्यांना सगळं येत होतं. एक काखेखालून, एक छातीवरून, गुडघा खुर्चीच्या मागं. मिनिटाचं काम. आणि इथं तर भलं होतं. डोळा वाचणार होता. हे सोडून आणखी कशासाठी शिकला होता तो? तळहात खाजायला लागले होते.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. अनंता आता मशीनकडं बघत नव्हता. पट्ट्याकडंही नाही. त्याचा तो एकुलता एक डोळा जयवंतच्या हातांवर खिळला होता. खांदे कानांपर्यंत चढले होते.

…

जयवंतनं हात खाली घेतले. कुठं ठेवावेत ते सुचेना. मग तो स्वतःच त्या खुर्चीत बसला.

"मॅडम, आधी माझा बघा."

"तुमचा? बाहेर रांग बघितली का तुम्ही?"

"बघितली. पण बघा."

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडं पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि पाहिलं त्याच्या डोळ्यात. उजेड सुईसारखा आत घुसला. डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. कपाळ पट्ट्याला टेकलेलं, हनुवटी खाचेत… हलायचं नाही. जयवंतला वाटलं, उठून पळावं.

अनंता वाकून त्याच्याकडं बघत होता.

जयवंत उठला. अनंता बसला नाही. पण त्यानं एक बोट पुढं करून हनुवटीची खाच चाचपली. थंड लागली असावी. बोट मागं घेतलं. परत पुढं केलं.

बाहेर कुणाचं तरी लेकरू किंचाळलं.

मूठ वळली. जयवंतच्या तोंडाशी शब्द आला होता, तो त्यानं गिळला. मागं जायला पाय निघाला होता, तो समोर टाकला. आणि आपला पंजा त्यानं अनंताच्या कानशिलावर ठेवला.

धाड.

दगड पडावा तसा तो ठोसा होता. हाडापर्यंत कळ गेली. हा जोर जयवंतला आजवर माहीतच नव्हता. मागून मिठी घालणाऱ्याला तो कळतच नाही. हा माणूस इतक्या जोरानं रोज स्वतःला मारतो?

धाड. धाड.

डोळ्यांत पाणी होतं, ते आता उजेडाचं नव्हतं.

सिस्टर भिंतीला चिकटून उभी होती. डॉक्टरीणबाई हातातला पेन तसाच धरून बघत राहिल्या.

तपासणी झाली नाही.

*

परतताना रिक्षात जयवंत धुमसत होता. सुजलेला हात त्यानं दुसऱ्या हातात धरला होता. अनंता कडेला बसून रस्ता बघत होता, अगदी मजेत.

"धरलं असतं तर मिनिटात झालं असतं."

"झालं असतं," आपा म्हणाल्या.

"मग?"

"आज झालं असतं. चीर असली तर पुढं लेसर करावं लागणार. त्याला परत त्याच दारातून आत यायचंय."

"आणि तोवर डोळा गेला तर?"

आपांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. लगेच परत काढून पुसला. जयवंतनं ते बघितलं आणि त्याचा राग कुठल्या कुठं गेला. त्याजागी काहीतरी जास्त अवघड येऊन बसलं.

"आपा, तुम्हालाही भीती वाटते?"

"रोज."

*

घरी आल्यावर जयवंतला चैन पडेना. त्यानं स्वयंपाकघरातला एक रिकामा डबा मागितला, तो टेबलावर पालथा घातला, वर कापड गुंडाळलं. मग खुर्ची ओढून त्या डब्यावर हनुवटी टेकून बसला. तालमीत घुमलेला गडी, आणि डब्यावर हनुवटी. घरातली माणसं जमली. हसली. एकानं आपली हनुवटी टेकून बघितली, मग दुसऱ्यानं. तो एक खेळच होऊन बसला.

अनंता लांबून बघे. पंच्याची घडी घाली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. जयवंत मोबाइलचा उजेड आधी स्वतःच्या डोळ्यावर पाडी. म्हणे, "उजेड आला… उजेड गेला." कपाळाला पट्टा म्हणून त्यानं स्वतःची मफलर बांधून बघितली. अनंता "नको" म्हणाला. जयवंतनं मफलर लगेच सोडली आणि बाजूला ठेवून दिली. अनंता त्या मफलरकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं ती उचलली, आणि पंच्यासारखी घडी घालून आपल्या गुडघ्यावर ठेवली.

जयवंत मात्र रोज सकाळी उठला की आधी अनंताचा डोळा बघे. लाल आहे का? पाणी येतंय का? अनंता पायरी चुकला, की हा ताडकन उठून उभा राहे. दिसत नाही का त्याला? गेला का? आणि मधूनच मूठ वळे, तेव्हा धावत समोर जाऊन हात मध्ये घाले. कधी पोचे, कधी नाही पोचत. नाही पोचला त्या दिवशी जेवण गोड लागत नसे.

"आपा, आपण चुकतोय का?"

"माहीत नाही."

"तुम्ही असं म्हटल्यावर मी काय करू?"

"तो आज डब्याजवळ बसला होता. बघितलंस?"

बघितलं होतं.

कोल्हापूरहून फोन आला, कधी येताय म्हणून. जयवंतनं सांगितलं, अजून जरा आहे.

*

ते परत मिरजेला गेले. त्या दिवशी अनंता खोलीच्या दारापर्यंत गेला आणि तिथंच, बाहेरच्या फरशीवर, मांडी घालून बसला. ये म्हणून येईना. जयवंतही त्याच्याशेजारी फरशीवर बसला. आपा बसल्या. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. कुणी कुरकुरलं.

डॉक्टरीणबाई दारात आल्या. त्या तिघांकडं त्यांनी नुसतं बघितलं.

"दुपारची गर्दी सरली की येत जा," त्या म्हणाल्या. "मी दार उघडं ठेवेन. दिवा पण आल्या आल्या घालवायला नको."

पुढच्या वेळी ते दुपारी गेले. दार उघडं होतं. दिवा चालू होता. कपाळाचा पट्टा डॉक्टरीणबाईंनी काढून ठेवला होता.

जयवंत आधी बसला. "उजेड आला… उजेड गेला." उठला.

अनंता उभा होता. पंचा एका हातात, दुसऱ्या हाताची मूठ अर्धी वळलेली. जयवंत त्याच्यासमोर होता, त्याला दिसेल असा. हात उघडे, पोटापाशी. त्याला घाम फुटला होता. बोलावंसं वाटत होतं, पाठीवर हात ठेवावासा वाटत होता, खुर्ची जरा पुढं सरकवावीशी वाटत होती. त्यानं काहीच केलं नाही. आयुष्यात इतकं अवघड काही केलं नव्हतं.

…

…

अनंतानं पंचा जयवंतच्या हातात दिला.

आणि बसला. हनुवटी खाचेत टेकली. एकदा उचलली. परत टेकली.

डॉक्टरीणबाईंनी दिवा कमी केला, हळूहळू. उजेड पाडला. श्वास रोखून पाहिलं. अनंता हलला, उजेड गेला. अनंता टेकला, उजेड आला. त्या कुजबुजल्यासारख्या म्हणाल्या, "आहे. चीर आहे. पण पसरलेली नाही. वेळेत आलात."

मग अनंता उठला, पंचा परत घेतला आणि "गाडी" म्हणत बाहेर चालता झाला.

"लेसर करावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज नको, पुढच्या आठवड्यात. थोडं थोडं करून. म्हणजे अजून बऱ्याचदा बसावं लागेल त्यांना. आणि आजच्यापेक्षा जास्त वेळ."

जयवंत बाहेर आला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. पायऱ्यांवर त्यानं अनंताला गाठलं, आपांना हात दिला. रिक्षा शोधायला चार पावलं पुढं धावला, तिथूनच मागं फिरला.

"तुझा महिना भरला ना?" आपांनी विचारलं.

"कधीच."

"कोल्हापूरला काय सांगू?"

"सांगा… काय सांगायचं ते. लेसर झाल्यावर जातो."

आपांनी मान डोलावली. 'हो' की 'नाही', ते जयवंतनं विचारलं नाही. ते त्याच्या डोक्यातच नव्हतं. हसू मावळत चाललं होतं, आणि त्याजागी आता पुढचा आठवडा येऊन बसला होता. तो उजेड. तो वेळ. ते लेकराचं किंचाळणं.

"आपा… आज बसला. पण पुढच्या वेळी बसलाच नाही, तर?"

आपा अनंताशेजारी रस्त्याच्या कडेला गेल्या. गाडी कुठून येते म्हणून दोघं एकाच बाजूला बघायला लागले.

"तर उभे राहू."